मानांग पान्यांगचा खांदा

सेल्सोने आयुष्यात पुष्कळांचे दंड घडवले आणि एकच मडकं फोडलं. पण लानोत गावाने दंड विसरून मडकं तेवढं लक्षात ठेवलं.

झालं ते असं. सेल्सोची व्यायामशाळा चर्चच्या मागे, चढाच्या अगदी टोकाला. व्यायामशाळा म्हणायचं ते त्याला बरं वाटावं म्हणून. चार बांबू, वर झावळ्यांचं छप्पर, कुणाच्या तरी मोडक्या कपाटाचा आरसा, आणि मध्यभागी खरी दौलत: भंगारातल्या जीपनी गाडीच्या आसाची दांडी. तिच्या दोन्ही टोकांना रंगाचे गोल डबे, आत गच्च सिमेंट. एकेक डबा वीस किलोचा. डबे निसटू नयेत म्हणून दांडीच्या टोकांना खिळी बसवायची होती. ती सेल्सो नाताळपासून उद्या बसवणार होता.

मार्चमधल्या एका सकाळी ट्रायसिकल, म्हणजे तीनचाकी रिक्षा, चालवणाऱ्या दोंदोनने त्याला डिवचलं, "सेल्सो, एका हाताने उचलून दाखव की. का फक्त पोरांनाच ओरडायला येतं?"

सेल्सोने एका हाताने दांडी उचलली. दांडी वर गेली, एक टोक खाली कललं, आणि त्या टोकाचा हिरवा डबा सुटून फाटकातून बाहेर पडला. पुढचा सगळा उतार. डबा सावकाश निघाला, कोंबड्यांमधून वाट काढत गेला, न्हाव्याच्या खुर्चीला वळसा घालून त्याने वेग धरला आणि उताराच्या तळाशी असलेल्या मानांग पान्यांगच्या टपरीत शिरला. मग आवाज आला. त्यानंतर तांदळाचे गरम गरम पुतो रस्त्यावर आले.

सेल्सो तत्परतेने धावला आणि पाण्याच्या पिंपामागे लपला.

"लपून काय उपयोग?" दोंदोन आनंदाने ओरडला. "मानांगने वर बघितलंय!"

गावात मोठ्या बाईला मानांग म्हणतात, मोठ्या पुरुषाला मानोंग, आणि त्यांनी तुम्हाला तोतो म्हटलं की तुम्ही अजून पोर आहात असं समजायचं. सेल्सो चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. पण तो खाली पोचला तेव्हा मानांग पान्यांग हातात झाकण घेऊन उभी होती, आणि तिने नुसतं "तोतो" म्हटलं तशी त्याची उंची चार बोटं कमी झाली.

"मानांग, मी नवीन मडकं आणून देतो."

"कुठून?"

प्रश्न रास्त होता. ते मडकं तिच्या सासूचं. नदीपलीकडच्या ज्या म्हातारीने ते घडवलं ती कधीच गेली, आणि तिच्या मुली चाक सोडून परदेशी घरकामाला गेल्या. त्या मडक्यात वाफवलेल्या पुतोला मातीचा आणि केळीच्या पानाचा मिळून एक वास यायचा.

"ॲल्युमिनियमचं आणू?" सेल्सो म्हणाला.

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की 'ॲल्युमिनियम' हा शब्द त्याने पुढे बरेच दिवस उच्चारला नाही.

"आणि माझा डबा, मानांग?"

"गेला असेल पुढे," ती म्हणाली. टपरीच्या पुढे ओढा होता. सेल्सोने दोन दिवस ओढा चाळला. त्याला एक चप्पल आणि एक खेकडा मिळाला. शेवटी दांडीच्या रिकाम्या टोकाला त्याने दगडांचं पोतं बांधलं. पोत्याचं वजन दर आठवड्याला थोडं गळायचं, त्यामुळे लानोतच्या त्या वर्षीच्या तरुण पिढीचा एक दंड दुसऱ्यापेक्षा जाड आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मानांग पान्यांग चढ चढून व्यायामशाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. आतल्या सहा पोरांनी हातातली वजनं खाली ठेवली. दोघांनी शर्ट शोधायला सुरुवात केली.

"तोतो, मडकं राहू दे," ती धापा टाकत म्हणाली. "मला खांदा पाहिजे."

एवढं बोलून ती थांबली. मानांग पान्यांगला बोलायची सवयच नव्हती. तिचा नवरा रुफो दोघांचं मिळून बोलायचा. बाजारात तो भाव करायचा, ही पिशवी धरायची. चर्चच्या बैठकीत तो भांडायचा, ही त्याच्या चपलांवर लक्ष ठेवायची. दोन वर्षांपूर्वी रुफो गेला तो जेवणानंतर गोष्ट सांगता सांगता. गोष्ट अर्धी सोडायची ही त्याची पहिलीच वेळ. तेव्हापासून अठ्ठावन्न वर्षांची पान्यांग खाली बघून पुतो विकत होती आणि गावाला तिच्या भांगाची ओळख चेहऱ्यापेक्षा जास्त झाली होती.

सेल्सोने तिला बाकावर बसवलं, नारळपाणी दिलं, आणि तिच्या तोंडून एकेक वाक्य काढत सगळं समजून घेतलं.

लानोतचा संत सान रोके. सोळा ऑगस्टला त्याची पालखी निघते. दोन लांब खांब, एकेका खांबाला सहा माणसं. वर लाकडी संत, आणि त्याच्या पायाशी त्याचं लाकडी कुत्रं. हे कुत्रं फणसाच्या अख्ख्या खोडातून कोरलेलं असल्यामुळे संतापेक्षा जड आहे, आणि त्याच्याबद्दल खांदेकरी जे बोलतात ते पाद्रीबाबा ऐकत नाहीत. बाराच्या बारा जागा घराण्यांच्या. बापाची जागा मुलाला, मुलाची नातवाला. एखाद्या घराचा खांदा सलग तीन वर्षं लागला नाही, तर जागा ओळीतल्या पुढच्या घराला जाते. उजव्या खांबाची तिसरी जागा रुफोच्या घराची. रुफोला मूलबाळ नाही. दोन वर्षं गेली. हे तिसरं.

"ओळीत पुढचं घर कुणाचं?" सेल्सोने विचारलं.

कोपऱ्यात दोंदोनने एकदम दोरीउड्या मारायला सुरुवात केली.

"याचं," पान्यांग म्हणाली.

"मी काही बोललो का?" दोंदोन म्हणाला. "पण मानांग, त्या खांबाला चाळीस-चाळीस किलो येतात एकेकाच्या वाट्याला. तू पुतोची टोपली वर आणलीस तरी मध्ये दोनदा बसतेस."

हे खरं होतं, म्हणून कुणी हसलं नाही. पान्यांगने मान खाली घातली. का कोण जाणे, सेल्सोला तो भांग बघून मडक्याचा आवाज पुन्हा ऐकू आला.

"रोज संध्याकाळी पाच वाजता," तो म्हणाला. "पाच महिने आहेत. खांदा मी देतो. जागा कुठली म्हणालीस?"

"उजवा खांब."

"मग उजवा खांदा!" सेल्सोने वही काढली आणि पहिल्या पानावर पेनाने ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या. पान्यांगने तोंड उघडलं, त्या दोन रेघांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. बिचारीला उपकाराचं ओझं झालं असावं, असं सेल्सोला वाटलं.

इथे एक सांगायला हवं. सेल्सो लानोतचा जावई. त्याच्या स्वतःच्या गावचा संतही सान रोकेच, तीच तारीख. त्यामुळे सोळा ऑगस्टला तो दर वर्षी आईकडे डुकराचं मांस खायला जायचा. लानोतची पालखी त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण मास्तर माणूस असल्या गोष्टी कबूल करत नसतो.

पहिल्या दिवशी तिची एकच अट निघाली.

"तो आरसा झाक."

"मानांग, आरशात बघूनच तर कळतं आपण—"

"मला कळतं मी कशी आहे ते. झाक."

सेल्सोने घरून फुलाफुलांची चादर आणली. पोरांनी कुरकुर केली, कारण आरसा नसेल तर निम्मा व्यायाम वाया जातो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पण पाच ते सहा चादर राहिली.

पहिला महिना खराटाच उजव्या खांद्यावर घेऊन ती फाटकापासून पिंपापर्यंत चालली. पाठ सरळ, नजर समोर. खराटा जड नव्हता. जड होती ती नजर. चार पावलांत ती खाली यायची.

"समोर बघ, मानांग! जमिनीवर काय सांडलंय?"

"कोंबडी आहे."

"ती बाजूला होईल. तिला घाई असते, तुला नाही."

मग पाण्याची कळशी आली, मग वाळूची पिशवी. बाकावर चढ, उतर. भिंतीला हात टेकून बस, ऊठ. तिचे गुडघे इतके वाजायचे की दोंदोन म्हणाला, आता वाजंत्री वेगळी सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात सेल्सो तिला नाव नोंदवायला मानोंग ताक्योकडे घेऊन गेला होता. ताक्यो पालखीचा मुकादम. पंचाहत्तरीचा, हातात छडी, आणि बारा जागांची जाडजूड वही उशाखाली घेऊन झोपणारा. पान्यांग त्याच्या पायरीपाशी पाच मिनिटं उभी राहिली. मग तिने त्याला पुतोची पुडी दिली आणि परत फिरली. ताक्योने पुडी उघडून एक खाल्ला. "ॲल्युमिनियम," तो खेदाने म्हणाला.

तसं तर ते सगळेच म्हणत. रोज सकाळी सेल्सो टपरीवर न्याहारीला जायचा, चुलीशेजारच्या गोणपाट घातलेल्या बुटक्या बैठकीवर टेकायचा, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिला घास खाऊन त्याच्याकडे बघायचं. "पूर्वीचा वास काही और होता, नाही का सेल्सो?" पान्यांग नुसती वाफ झाकायची.

मे महिन्यात वाळू पंधरा किलो झाली. जूनमध्ये पंचवीस. आणि जूनमधल्याच एका संध्याकाळी दोंदोन नेहमीप्रमाणे म्हणाला, "मानांग, तुझ्या वयात माझी आजी खुर्चीत बसून जपमाळ ओढायची."

पान्यांग वाळूची पिशवी घेऊन चालत होती. ती थांबली नाही, तिने मान खाली घातली नाही. "तुझी आजी तुला कडेवर घेऊन हा चढ चढायची," ती म्हणाली. "तू अजून ट्रायसिकलशिवाय चढत नाहीस."

व्यायामशाळा इतकी हसली की छपरातली पाल खाली पडली. सगळ्यात मोठ्याने दोंदोन हसला. पान्यांगच मात्र चपापली. आपण बोललो हे तिला आपल्याच कानांनी ऐकावं लागलं होतं. जाताना तिने चादरीचा एक कोपरा उचलून आरशात डोकावलं आणि पटकन सोडून दिला. पुढच्याच आठवड्यात तिने चादर काढली, घडी घातली आणि सेल्सोच्या हातात ठेवली.

"घरी ने. धुवायला झालीय."

जुलैच्या मध्यावर ती पुतोची पुडी घेऊन एकटीच ताक्योकडे गेली. सेल्सो योगायोगाने ताक्योच्या कुंपणामागे होता. योगायोगाने आणखी चार जणही होते.

"मानोंग, तिसऱ्या जागेवर मी येणार आहे."

"तू?" ताक्योने चष्मा चढवला. "बाई?"

"तुमच्या वहीत काय लिहिलंय? पुरुष लिहिलंय का घर?"

ताक्योने वही उघडली. बराच वेळ पानं उलटली. वहीत घर लिहिलं होतं.

"आणि पडलीस तर?"

"पडले तर उठेन. रुफो तीनदा पडला होता. त्याला विचारलंत का कधी?"

कुंपणामागे कुणीतरी शिट्टी मारली. ताक्योने वही मिटली. "ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तालीम आहे. चर्चपासून पुलापर्यंत, खांदा न बदलता. पोचलीस तर जागा तुझी. थांबलीस तर दोंदोन तिथेच आत शिरेल. मंजूर?"

"मंजूर. पुडीतले पुतो खाऊन टाका."

तालमीच्या रविवारी सेल्सो इस्त्रीचा शर्ट घालून चर्चसमोर गेला. गर्दी चांगली होती. संताला सणाआधी बाहेर काढायचं नसतं, म्हणून पालखीवर त्याच्या वजनाची तांदळाची पोती रचली होती. कुत्र्याचं पोतं वेगळं, आणि ताक्यो ते स्वतः छडीने टोचून बघत होता, कारण मागे एकदा पोरांनी त्यात भुसा भरला होता. सेल्सो मनात उजळणी करत होता. उजवा खांदा, चाळीस किलो, सहाशे पावलं. हिशोब चोख होता. त्याने ओळखीच्या दोघांना सांगूनही टाकलं, "बघा आता माझं काम."

छडी वाजली. बारा जण आपापल्या जागी गेले. उजव्या खांबाचे सहा खांबाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले, आणि पुढच्या दोघांनी खांबाखाली घ्यायची उशी खांद्यावर ठेवली.

डाव्या खांद्यावर.

साहजिकच होतं. उजव्या खांबाच्या बाहेर उभं राहिलं तर खांब डावीकडेच येणार. हे लानोतच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. सेल्सोच्या डोळ्यांसमोर मार्च महिन्यातला तो डबा पुन्हा एकदा सुटून गडगडत निघाला. पाच महिने! दोन रेघा मारून!

तो गर्दीतून वाट काढत धावला. "मानांग, थांब! मानोंग ताक्यो, एक मिनिट, चूक झालीय, माझी—"

"बाजूला हो, तोतो," ताक्यो म्हणाला. "कुत्र्याखाली सापडशील."

पान्यांगने पिशवीतून रुफोची जुनी खांद्याची उशी काढली. मध्ये खळगा पडलेली, तेलाने काळी झालेली. ती तिने डाव्या खांद्यावर ठेवली आणि वाकली.

"डावा आहे तो, मानांग!" सेल्सो तिच्या कानाशी कळवळून म्हणाला. "डावा!"

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि उठली.

ढोल वाजला. पालखी निघाली. दोंदोन तिच्या शेजारून चालत होता, बाह्या सरसावून, आत शिरायला तयार. पालखीत माणसं उंचीने लावतात. तिसरी जागा बुटक्यांची, आणि दोंदोन माडासारखा. तो शिरला असता तर सगळी पालखी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आली असती, हे त्याला चालता चालता हळूहळू उमगत असावं. सेल्सो दुसऱ्या बाजूने चालत होता आणि मनातल्या मनात सान रोकेला सांगत होता, बाबा, हिला पाड आणि मला उचल, किंवा उलटं कर, पण काहीतरी कर.

शंभर पावलं. दोनशे. न्हाव्याच्या दुकानापाशी रस्ता खचलाय, तिथे पुढचे खाली जातात आणि भार मधल्यांवर येतो. तिच्या पुढचा माणूस "आई गं" म्हणाला. मागच्याने कुत्र्याला शिवी दिली. पान्यांगचा गुडघा वाजला. एकदा. ढोलवाला दचकून थांबला, पालखी हिंदकळली, आणि त्या शांततेत दोंदोनचा आवाज आला.

"समोर बघ, मानांग! जमिनीवर काय सांडलंय?"

तिने मान वर केली. अख्खं गाव दुतर्फा उभं होतं आणि गावाला बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा दिसत होता. "तू मोज," ती दातांतून म्हणाली. "तोंड आहे ना?"

दोंदोन मोजू लागला. तीनशे दहा. तीनशे अकरा. चारशेला पोरं सामील झाली, पाचशेला बायका. सेल्सोही ओरडत होता. त्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता, जसा काही खांब त्याच्याच खांद्यावर होता. सहाशे चार पावलांना पूल आला. ताक्योने खांबावर छडी मारली. पालखी टेकली.

ताक्योने काखेतली वही काढली, बोट ओलं केलं. "उजवा खांब, तिसरी जागा. रुफोचं घर."

"पान्यांगचं घर लिहा," ती म्हणाली.

ताक्योने चष्म्यावरून पाहिलं. मग जुन्या नावाखाली नवीन ओळ लिहिली.

"जाऊ दे," दोंदोन सेल्सोला म्हणाला. "डाव्या खांबावरचा पहिला म्हातारा झालाय, आणि त्याच्या मागे कुणी नाही. तिथे उंच माणूस लागतो. मला उद्यापासून उजवा खांदा शिकव. तो तुला येतो."

दुपारी टपरीवर सेल्सो एकटाच होता. चुलीशेजारच्या बुटक्या बैठकीवर तो मान खाली घालून बसला होता, आणि मानांग पान्यांग ताठ उभी राहून पुतो वाढत होती.

"मानांग, कसं काय?"

"तू संध्याकाळी उजव्यावर सांगायचास, ते मी पहाटे इथे डाव्यावर करायचे. पुतो वाफेवर ठेवले की वेळच असतो."

"पण मला सांगायचंस ना!"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तू पेनाने लिहिलंस." तिने त्याच्या पानावर आणखी एक पुतो ठेवला. "तीस वर्षं रुफोच्या खांद्याला तेल मी चोळलं. कुठला खांदा ते मला तुझ्या वहीतून कळणार होतं का?"

"मग माझा काय उपयोग झाला?"

"संध्याकाळी कोंबडीकडे बघू नको म्हणून ओरडणारं कोण होतं?"

सेल्सोला जरा बरं वाटलं. पुतो तोंडात टाकता टाकता त्याच्यातला मास्तर जागा झाला. "पण पहाटे वजन कसलं घेतलंस? सुरुवातीलाच जड घेतलं असशील तर कंबर धरते हं."

"एप्रिलमध्ये रिकामी टोपली. जूनपासून वीस किलो. जुलैत त्यावर तांदळाचं अर्धं पोतं."

"वीस किलो बरोब्बर? वजन केलंस कुठे?"

पान्यांगने तो बसला होता त्या बैठकीकडे पाहिलं. सेल्सोनेही पाहिलं. मग तो उठला आणि त्याने गोणपाट बाजूला केलं. खाली रंगाचा गोल डबा होता. हिरवा. सिमेंटने भरलेला.

"हा माझा डबा!" सेल्सो ओरडला. "मी ओढ्यात दोन दिवस कमरेइतक्या पाण्यात... रोज सकाळी मी याच्यावर बसून... मानांग, तिकडे पोरांचे दंड वाकडे झालेत! हा परत कधी देणार आहेस?"

मानांग पान्यांगने ॲल्युमिनियमच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"आधी मडकं आण."